बाईंच्या मापाचं बाथरूम

३ फेब्रुवारी

प्रिय बाई,

हे पत्र आधी लिहून फाडलं, मग पुन्हा लिहिलं. आता खाडाखोडीसकट पाठवते, कारण तुम्हाला त्याचं नवल वाटणार नाही. वहीच्या पानाला भोक पडेपर्यंत खोडणाऱ्या मुलीला 'खोडरबर' हे नाव तुम्हीच ठेवलं होतंत. डिप्लोमा झाला, नोकरी लागली, पण नाव काही सुटलं नाही. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते, तिथे आमचे साहेबसुद्धा म्हणतात, "अगं, पुरे आता, कागद रडायला लागला."

तर बातमी अशी की आमच्या घरी पाहुण्यांसाठी बाथरूम होतंय, आणि त्याचा नकाशा मी काढलाय!

ऑफिसात मी लोकांची बाथरूम्स रोज काढते. त्यातल्या एकेका बाथरूममध्ये आमचं अख्खं शिलाईचं दुकान मावेल आणि वर कुंड्या ठेवायला जागा उरेल. पण ती सगळी साहेबांची, मी फक्त रेघा ओढणारी. हे पहिलं माझं स्वतःचं. आमचं घर तुम्हाला आठवत असेल. पुढे बाबांचं दुकान, मागे स्वयंपाकघर, वर एक खोली. मी कॉलेजात असताना मागच्या अंगणात आमचं बाथरूम झालं, पण तिथे जायला पाहुण्याला दुकानातून, मग स्वयंपाकघरातून, आईच्या शेगडीला वळसा घालून जावं लागतं. कोण कुठे निघालंय हे सगळ्या घराला कळतं. आत्या तर परत येताना "आले हं जाऊन" असं जाहीरच करते.

म्हणून मी जागा शोधली, ती जिन्याखालची. दुकानातून दोन पावलांवर. तिथे कातरणांची पोती होती. ती हलवली तर खालून बाबांची हरवलेली मोठी कात्री निघाली. त्या कात्रीपायी आईनं केवढी बोलणी खाल्ली होती! आई ती कात्री हातात घेऊन दिवसभर घरात फिरली. 

जिना उतरता, म्हणून छतही उतरतं. ठेंगण्या बाजूला कमोड, कारण तिथे माणूस बसलेलाच असतो. उंच बाजूला दाराशी बेसिन आणि आरसा. मध्ये आंघोळीला जागा, कोपरं न आपटता अंग पुसता येईल एवढी. दार बाहेर उघडणारं, म्हणजे आतल्या माणसाला भिंतीला चिकटावं लागणार नाही. वर गल्लीकडे छोटा झरोका. फरशी खरखरीत, ओला पाय घसरू नये अशी, आणि तिचा उतार जाळीकडे. या उताराचीच मला काळजी लागून राहिली आहे. पाणी दाराकडे वाहिलं तर ते थेट बाबांच्या कापडाच्या गठ्ठ्यांत जाईल. मी तो उतार इतक्या वेळा तपासलाय की आई म्हणते, "पाण्यालाच विचार ना एकदा, बाई कुठे जायचंय तुला."

आता मुख्य गोष्ट. या बाथरूमच्या पहिल्या पाहुण्या तुम्ही व्हावं असं मला वाटतं. उभ्याउभ्या नाही, राहायला या. तुमच्या गावाहून बसला जवळजवळ दिवस लागतो हे मला माहीत आहे, म्हणूनच राहायला म्हणतेय. बाबाही तुमची आठवण काढतात.

तुमची,
खोडरबर

१५ फेब्रुवारी

प्रिय बाई,

तुमचं कार्ड आलं. "मी कुणाकडे राहायला जात नाही. सवय नाही. नकाशा मात्र पाठव." नकाशा सोबत जोडला आहे. चुका असतील तर लाल शाईनं खुणा करा, मला बरं वाटेल.

त्याआधी माझीच एक खूण. मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. ते टपालात पडल्यापासून मला घास गोड लागलेला नाही. बाबा तुमची आठवण काढत नाहीत. तुमचा विषय निघाला की ते मशीन जोरात चालवतात. त्यांना मी सांगितलं नाही की बाथरूम तुमच्यासाठी आहे. मी "पाहुण्यांसाठी" एवढंच म्हणाले. त्यांनी विचारलं, "कोण पाहुणे?" आई म्हणाली, "आधी खोली तर होऊ दे, पाहुणे काय, वासानं येतात."

आता हेही लिहूनच टाकते. बाबा मला शाळेतून काढायला निघाले की दर वेळी तुम्ही घरी यायचात. चौथीनंतर आलात, सातवीनंतर आलात, आणि बाबांनी काजं करायला माझ्यासाठी मशीनशेजारी स्टूल आणून ठेवलं तेव्हाही आलात. आमच्या घरात त्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे आमचंही काही अडत नव्हतं. तुम्ही दारातून मान वाकवून आत यायचात, गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसायचात आणि दिवे लागेपर्यंत बाबांशी वाद घालायचात. दर वेळी बाबा हरायचे. आणि दर वेळी आई पाण्याचा पेला पुढे करायची, नि तुम्ही म्हणायचात, "नको." चहा नको, पाणीही नको.

तुम्ही गेलात की बाबा तो पेला दाराबाहेर नेऊन ओतायचे. म्हणायचे, "आपली पोरगी चालते, आपल्या घरचं पाणी चालत नाही." शाळेच्या बक्षीस समारंभाला ते कधी आले नाहीत, ते त्यामुळेच. तुम्ही समोर बसलेल्या असायचात ना.

माझ्या शिक्षणाला दोन माणसं लागली, बाई, आणि ती दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मी मधल्या मधे मोठी झाले. तुमच्या बाजूनं बोलले तर बाबांचा अपमान, बाबांच्या बाजूनं बोलले तर तुमचा. म्हणून मी कुणाच्याच बाजूनं बोलले नाही, नुसता अभ्यास केला. आता मात्र विचारते. तुम्ही आमच्याकडे पाणी का पीत नव्हता? उत्तर काहीही असलं तरी मला चालेल. (हे वाक्य मी खोडणार होते. खोडलेलं नाही.)

बाकी इकडे धमाल चालू आहे! बाबांना नकाशा दाखवला, तर त्यांनी तो उलटा धरून बघितला, सरळ धरून बघितला आणि म्हणाले, "शर्टालासुद्धा ट्रायल लागते. ही तर खोली आहे." मग आम्ही जिन्याखाली दोऱ्या बांधल्या, त्यांवर अस्तराचं कापड टाकून भिंती केल्या, कमोड म्हणून स्टूल ठेवलं, बेसिन म्हणून इस्त्रीच्या टेबलावर पातेलं. आई झाली पाहुणी. ती इतकी ऐटीत आत गेली म्हणून सांगू! आतून ओरडली, "टॉवेल जरा जुनाच दिसतोय हो तुमच्याकडे." बाबा बाहेरून विचारताहेत, "आवाज येतो का?" आई म्हणते, "कशाचा?" बाबा म्हणाले, "अगं, बोलण्याचा!" मग मला हसू आवरेना. आई स्टुलावर बसली, उठली, पातेल्यात खोटे हात धुतले, कोपर कुठे लागलं नाही. बाबांनी पिना तोंडातून काढल्या आणि म्हणाले, "फिट."

उद्यापासून खोदकाम. मला रात्रंदिवस पाइपच दिसताहेत.

तुमची,
खोडरबर

१ मार्च

प्रिय बाई,

तुमचं पत्र मी आधी एकटीनं वाचलं. मग ठरवलं की हे एकटीनं वाचायचं नाही. दुकानात गेले, बाबांचं मशीन चालू होतं, आई शर्टांना बटणं लावत होती. मी म्हणाले, "बाईंचं पत्र आहे, मोठ्यानं वाचते." बाबांनी मशीनचा वेग वाढवला. मी आवाज वाढवला.

तुम्ही लिहिलं होतंत, "तुमच्या गल्लीत तेव्हा कुणाच्याच घरी सोय नव्हती. शाळेत पुरुष शिक्षकांसाठी आडोसा होता, माझ्यासाठी नव्हता. सकाळी घरून निघाल्यावर परत घरी पोचेपर्यंत मी पाण्याचा थेंब घेत नसे. नोकरीभर तसंच केलं. पुढे मुतखड्यानं त्याचा हिशोब चुकता केला. आता तर प्रवासच सोडलाय. तुझ्या आईचा पेला मला अजून आठवतो, कारण दिवसभराच्या घशाला तो फार गार दिसायचा."

इथे मशीन थांबलं.

आई म्हणाली, "अगं बाई!" आणि तिच्या मांडीवरची बटणं खाली सांडली. "काठोकाठ भरलेला पेला मी त्यांच्या नाकाशी नेत होते! छळलंच की मी त्यांना!"

मग ती जे बोलली ते मी कधीच ऐकलं नव्हतं. तेव्हा गल्लीच्या टोकाला सगळ्यांत मिळून संडासांची एकच रांग होती, आणि तिथे जायला आई अंधार पडायची वाट बघायची. "म्हणून मीही दिवसा पाणी तोंडाला लावत नव्हते," ती म्हणाली. "मी स्वतः लावत नव्हते, आणि तरी मला कळलं नाही. मला वाटायचं, शिकलेल्या बायका. त्यांना लागतच नसेल."

बाई, तुम्हाला राग येईल की हसू येईल ते मला माहीत नाही. मला दोन्ही आलं. मीही लहानपणी तसंच समजत होते. तुम्ही जेवता, झोपता, हेसुद्धा मला खरं वाटायचं नाही.

बाबा म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "हे जिन्याखालचं त्यांच्यासाठी आहे का?"

मी हो म्हणाले. मला वाटलं, आता सगळं सुरळीत होणार. मी मनातल्या मनात तुमचं बसचं तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं. पण बाबा म्हणाले, "काम थांबव."

"अहो, का?" आई म्हणाली. "आता तर कळलं ना, त्यांच्या मनात काही नव्हतं."

"त्यांच्या मनात नव्हतं. माझ्या होतं," बाबा म्हणाले. "दारात आलेल्या बाईमाणसाची सोय करता आली नाही मला, आणि वर मीच तिला मानी ठरवलं. गल्लीभर सांगितलं. आता कुठल्या तोंडानं बोलवू? त्या आल्या तर मी काय त्यांच्यासमोर बटणं मोजत बसू?"

इतकी वर्षं ते रागावलेले होते तेव्हा निदान मला उपाय दिसत होता. रागावलेल्या माणसाला समजावता येतं. लाजलेल्याला कसं समजवायचं हे तुम्ही शिकवलं नाहीत.

जिन्याखाली खड्डा तसाच आहे. नळवाले काका दुसऱ्या कामावर निघून गेले. आई खड्ड्यावर फळी टाकून येते-जाते आणि दर वेळी बाबांना ऐकू जाईल असं म्हणते, "पडेन एखाद दिवशी. पाहुणीच मी."

तुम्ही येणार नाही म्हणाला होतात. आता आम्हीही बोलवत नाही असं झालंय. पण मी बोलावतेय. हे वेगळं धरा.

तुमची,
खोडरबर

१८ मार्च

प्रिय बाई,

पाणी जाळीकडेच गेलं! बादलीभर ओतलं आणि ते आज्ञाधारक मुलासारखं सरळ जाळीत गेलं. मी तिथेच उडी मारली, आणि फरशी खरखरीत असल्याची खात्रीही झाली. पण क्रमानं सांगते, नाहीतर तुम्ही समासात 'गडबड' असं लिहाल.

तुमचं कार्ड मी बाबांना वाचून दाखवलं. "बाबांना सांग, त्यांच्या घराचा मला राग नव्हता. तहान होती." बाबांनी कापड कापायला घेतलं. पण दुसऱ्या दिवशी नळवाले काका दारात हजर. "मास्तरांनी निरोप धाडला, खड्डा बुजवा म्हणून," ते म्हणाले. (आमच्या गल्लीत मास्तर म्हणजे बाबाच, शाळेत न गेलेले.)

"बुजवा?" मी घाबरून विचारलं.

"पाइप टाकून बुजवा," बाबा दुकानातून म्हणाले. "आई पडेल त्यात. सुरू केलेलं काम अर्धवट ठेवत नाही मी. पण कुणाला बोलवायचं नाही."

तर पाइप पडले, फरशी झाली, पांढऱ्या टाइल्स लागल्या. कमोड बसवायची वेळ आली. काकांनी तो जागेवर ठेवून बघितला, ठेंगण्या बाजूला, माझ्या नकाशाप्रमाणे. आई पुन्हा पाहुणी झाली, बसली, उठली. काका म्हणाले, "एक नंबर."

बाबा माप घ्यायची पट्टी गळ्यात घालून दारात उभे होते. कधी येऊन उभे राहिले ते कळलंही नाही. म्हणाले, "कुणाच्या मापानं एक नंबर?"

"म्हणजे?"

"ट्रायल कुणावर घेतली? हिच्यावर. ही एवढीशी. आणि घालणार कोण?"

काका आईकडे बघायला लागले. बाई, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही सगळे महिनाभर 'पाहुणे' म्हणत होतो, तुमचं नाव कुणी घेत नव्हतं. मी घाबरून घेत नव्हते, बाबा आधी रागानं आणि मग लाजेनं. आणि नाव घ्यायचं नाही म्हणून आम्ही बाथरूम आईच्या मापाचं बेतलं होतं.

बाबा म्हणाले, "चूक माझी. मीच फिट म्हणालो. दुसऱ्याच्या अंगावर ट्रायल घेतली मी, एवढी वर्षं मशीनवर बसून." मग त्यांनी कापडाचा एक तागा उचलला, त्याच्या घड्या केल्या, एक घडी कमी केली, पुन्हा अर्धी वाढवली, आणि तो डोक्यावर घेतला. आई म्हणाली, "अहो, हे काय?" बाबा म्हणाले, "बाई एवढ्या. दारातून येताना त्यांना एवढं वाकावं लागायचं." आणि त्यांनी मान वाकवून दाखवली. बाई, अगदी तुमच्यासारखी! थोडी डावीकडे, आधी डोळे, मग मान. तुमचं नाव न घेणाऱ्या माणसाजवळ तुमची मान होती.

डोक्यावर तागा घेऊन, तो हातानं सावरत बाबा कमोडवर बसले. मग उठले.

टक्.

तागा जिन्याला आपटला आणि उलगडत सगळ्या बाथरूमभर पसरला. आई इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. बाबा कापडात गुंडाळलेले, तिथूनच म्हणाले, "बघ. टेंगूळ आलं असतं त्यांना. पहिल्याच दिवशी."

"मास्तर, पण पाइप गेलाय खालून," काका म्हणाले. "कमोड फिरवायचा म्हणजे फरशी फोडावी लागेल. नवी फरशी!"

"फोडा."

"अहो, उठताना जरा वाकतील की! सगळेच वाकतात."

"त्या आमच्या दारात पुष्कळ वाकल्यात," बाबा म्हणाले. "फोडा."

फोडली. मला वाटलं होतं मला रडू येईल, कारण तो माझा उतार होता. पण मी पहार धरायला मदत केली आणि मला इतका आनंद होत होता की काका म्हणाले, "पोरगी नकाशे काढते की फोडते?" आता कमोड लांबीच्या बाजूच्या भिंतीला आहे. उठताना वर जिन्याचा उंच भाग येतो. उतार नव्यानं केला आणि तो पहिल्यापेक्षा चांगला झालाय, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

बेसिन, आरसा आणि धरायचा दांडा मात्र अजून भिंतीला लागलेले नाहीत. का, ते बाबाच सांगतील. काल त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "लिही. मधे सुधारू नकोस." तेव्हा पुढचं त्यांचं आहे, जसंच्या तसं.

"बाईंना नमस्कार. मी शिंपी बोलतोय. तुमचं माप माझ्या डोळ्यांत आहे, पण ते तेव्हाचं. जुन्या मापावर बेतलेलं अंगाला बसत नाही. पोरगी म्हणते, पत्रानं उंची मागवू. मी पत्रानं माप घेत नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहावं लागतं. बेसिन, आरसा, दांडा मी अडवून ठेवलाय. नळवाला रोज डोकं खातो. तुम्ही याल तेव्हा खुणा करू. कमोड, नळ आणि दाराची कडी चालू आहे, कडी मी स्वतः लावून पाहिली. बाकीचं बोलायचं आहे ते समोर बोलेन, ते हिला लिहायला सांगत नाही. येताना बसमध्ये पाणी पीत या. ट्रायलची तारीख गिऱ्हाइकानं सांगायची असते. कधी येता?"

मी विचारलं, "एवढंच?" ते म्हणाले, "का, कमी आहे?"

नाही, बाई. कमी नाही. कधी येता?

तुमची,
खोडरबर

९ एप्रिल

प्रिय बाई,

तुम्ही परत घरी नीट पोचल्याचं कळलं आणि आमचा जीव भांड्यात पडला. आता एक गोष्ट सांगायचीच राहिली आहे. तुम्ही आत होतात तेव्हा बाहेर काय चाललं होतं, ते तुम्हाला माहीत नाही.

बाबांनी वाक्य पाठ केलं होतं. शर्टाला इस्त्री करून, गिऱ्हाइकांची खुर्ची पुसून सकाळपासून दारात उभे. मी तीन-चारदा ऐकलं, ओठ हलत होते. तुम्ही काठी टेकत दारापर्यंत आलात, बाबांनी हात जोडले आणि सुरुवात केली, "बाई, मी इतकी वर्षं..." आणि तुम्ही म्हणालात, "ते नंतर, मास्तर! वाटेत पाणी प्या म्हणालात, मी दोन बाटल्या प्यायलेय. आधी दार कुठलं ते दाखवा!"

बाबांनी नुसतं बोट दाखवलं. तुम्ही आत, कडी लागली, आणि आम्ही तिघं बाहेर. काय करावं कळेना. आई कुजबुजली, "बाजूला व्हा सगळे, ऐकत उभं राहू नये." आणि स्वतः तिथेच उभी. बाबांनी वळून मशीनवर बसून काहीतरी शिवायला घेतलं. सुईत दोराच नव्हता. बिनदोऱ्याचं मशीन ते चालवत होते, म्हणजे तुम्हाला बाहेरचा आणि बाहेरच्यांना आतला आवाज नको. मग फ्लशचा आवाज आला आणि आईनं माझा दंड असा काही दाबला की अजून हिरवा आहे. मी आतापर्यंत परीक्षा पास झाले, मला नोकरी मिळाली, पण तिनं माझा दंड असा कधी दाबला नव्हता.

बाहेर येऊन तुम्ही काय बोललात ते तुम्हाला माहीत आहे, तरी मी लिहून ठेवते. "उतार छान जमलाय." बाई, तुम्ही उताराकडे बघितलंत! मी ते ऑफिसात साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "मग आता तरी खोडणं थांबेल का?" मी म्हणाले, बघू.

मग बाबा तुमच्या खुर्चीसमोर उभे राहून ते वाक्य बोलले, ते मी इथे लिहीत नाही. ते तुमचं आणि त्यांचं आहे. मी आणि आई तेव्हा स्वयंपाकघरात होतो, आणि आईनं भांडी मुद्दाम मोठ्यानं घासली.

तुम्ही भिंतीशी उभ्या राहून दिलेल्या मापाच्या खुणा तुम्ही गेलात त्याच दिवशी पक्क्या केल्या. बेसिन बसलं, दांडा बसला, तुमच्या काठीच्या बाजूला, तुम्ही म्हणालात तसा. आरसा तुमच्या मापानं लागलाय. आईला त्यात फक्त स्वतःचा भांग दिसतो. मी म्हणाले खाली घेऊ या का, तर ती म्हणाली, "राहू दे. भांग सरळ आहे की नाही तेवढं कळतं." आत्या येऊन वापरून गेली. आली आणि गेली, जाहीर काही केलं नाही! आईला चुकल्यासारखं वाटलं.

काल नळवाले काका शेवटचा हात फिरवायला आले होते. तुमच्या उंचीच्या नव्या खुणा त्यांनी बघितल्या, बाबांनी ताग्याच्या अंदाजानं केलेल्या जुन्या खडूच्या खुणा बघितल्या, पट्टी लावली आणि कपाळावर हात मारला. "मास्तर! बाई तर तुमच्या अंदाजापेक्षा चांगल्या बुटक्या निघाल्या की हो आता!"

"वय झालं त्यांचं," बाबा म्हणाले. "ताठ चालायच्या तेव्हाचं माप होतं ते."

"ते झालं. पण मग आधीच्या जागीच कमोड बसला असता. उठताना डोकं लागलं नसतं. अहो, चांगली नवी फरशी! फोडायची काही गरजच नव्हती."

बाबा सुईत दोरा ओवत होते. त्यांनी वर बघितलंही नाही.

"होती," ते म्हणाले, आणि मशीन सुरू केलं.

तुमची,
खोडरबर